रबराच्या पट्टीतल्या अक्षता

शाळा मी नववीत सोडली. म्हणजे गणिताच्या बाईंनी माझी वही खिडकीबाहेर फेकली, मग मी त्यांचं डस्टर फेकलं, आणि त्यानंतर मी गेले नाही. बोलवायलाही कोणी आलं नाही. तेव्हापासून आईबरोबर धागे कापते.

धागे कापणं काय असतं ते सुरतच्या बाहेर सांगावं लागतं. साडीवर मशीनने भरतकाम झालं की मागच्या अंगाला सुटे धागे लोंबतात. कारखान्यातून गठ्ठे गल्लीत येतात, बायका साडी उलटी पसरतात आणि ते धागे कापतात. साडी पुढून कितीही झगमग करू दे, आम्ही ती मागूनच बघतो. कातर गळ्यात दोरीला. जेवतानाही काढायची आठवण राहत नाही.

डिंडोलीत आमच्या गल्लीतली चाळीस घरं हे काम करायची आणि चाळीस घरांचा माल एकटा चिंधा आणायचा. त्याच्याकडे टेम्पो होता, बस एवढंच. कडोदऱ्याला जायचा, गठ्ठे आणायचा, आणि मजुरीतला मोठा घास स्वतः खायचा. कोणी कुरकुर केली की त्या घराला पुढच्या आठवड्यात माल नाही. मी एकदा त्याच्याशी भांडले तर आमच्या घराला पंधरा दिवस एक साडी आली नाही. आई मला काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर आई कोणाला न सांगता बसने कडोदऱ्याला गेली आणि थेट कारखान्याच्या शेठला भेटली. शेठने ऐकून घेतलं. म्हणाला, बेन, मला माल वेळेवर जायला-यायला पाहिजे, कोण नेतो त्याच्याशी मला काम नाही. उतराणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन या, माल तुम्हाला. नाही आलात तर वर्षभर चिंधाच.

आमच्याकडे गाडी होती. बाबांची फियाट. पण ती आमची असून आमची नव्हती. पहाटे पाच माणसं कोंबून हजीऱ्याच्या कंपन्यांत न्यायची, तिथून सुटलेली पाच आणायची, दुपारी परत तेच. आजी आजारी पडली तेव्हा तिला आम्ही रिक्षाने नेलं, कारण फियाटची शिफ्ट होती. म्हणून दुसरी गाडी. जुनीच, पण आईच्या तीन अटी होत्या. पाच गठ्ठे मावले पाहिजेत. रविवारी घरची सात माणसं मावली पाहिजेत. आणि रस्त्यात बंद पडायची नाही. चालवणार मी. अठरा झाल्या झाल्या बाबांनी मला रिकाम्या प्लॉटवर फियाट शिकवली होती आणि लायसनही आलं होतं. साठवलेलं सगळं एका गाडीत जाणार होतं. ती गाडी खोटी निघाली तर दुसरी घ्यायला काही उरणार नव्हतं.

गाडी शोधायचं काम गजाभाऊने अंगावर घेतलं. गजेंद्र, माझ्या काकांचा मुलगा, कापड मार्केटमध्ये एका दुकानात गादीवर बसतो. गिऱ्हाईकासमोर साडी फेकून उलगडायची त्याची एक स्टाइल आहे, आणि त्याला वाटतं जगातली प्रत्येक गोष्ट तशीच विकत घ्यायची असते. उतराणला दहा दिवस होते तेव्हा तो म्हणाला, झालं, गाडी मिळाली, शब्द दिलाय, नारळ घेऊन चला.

उधन्याच्या पुढे रस्त्यालगत पत्र्याचं कुंपण आणि आत तीस-चाळीस गाड्या. मालक झुल्यावर बसला होता. गजाभाऊने दाखवली ती मारुती आठशे, चंदेरी रंगाची. इतकी चकचकीत की आजूबाजूच्या गाड्या तिच्यापुढे आंघोळ न केलेल्या वाटत होत्या. नवी सीटकव्हरं, नवं कार्पेट, डॅशबोर्डवर अत्तराची बाटली. मालक बाबांना म्हणाला, शोरूम कंडिशन छे, काका. एका डॉक्टरच्या घरची आहे, फक्त देवळात जायला काढायचे.

आई मागे वाकून बघत होती. पाच गठ्ठे यात कुठे मावतात, तिने विचारलं. गजाभाऊ म्हणाला, दोन फेऱ्या मार. आणि इज्जत बघ की काकू, कडोदऱ्याला अशी गाडी घेऊन गेलीस तर शेठ उभा राहील.

बाबांना ती आवडली होती. मला दिसत होतं. फियाटमध्ये बारा वर्षं लोकांचे डबे आणि घाम वाहिलेला माणूस त्या नव्या सीटवर बसला आणि स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिला. इंजिन चालू केलं, आवाज बरा होता. खिशात हात गेला, बयाणा द्यायला.

मला त्या गाडीचा राग येत होता आणि का ते कळत नव्हतं. मग कळलं. नऊ वर्षं वापरलेल्या गाडीत कुठेच घाण नव्हती.

पुराची गोष्ट सांगायला पाहिजे. चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, तापी शहरात शिरली होती. कतारगाम, अडाजण, मार्केटची तळघरं, सगळं पाण्यात. नंतर दोन महिने आमच्या गल्लीत धाग्याच्या साड्या नाही, बुडालेल्या साड्या यायच्या. धुवायच्या, खळ द्यायची, इस्त्री करायची, नव्या खोक्यात घालायच्या. कुठल्या गावी कोणाला विकल्या ते आम्ही विचारलं नाही. पण एक शिकलो. साडी कितीही धुवा, तापीचा गाळ फॉलच्या दुमडीत राहतो. मेंदीच्या पुडीसारखा बारीक. फॉल उसवल्याशिवाय तो निघत नाही, आणि फॉल उसवायला कोणाला वेळ असतो.

मी कातर काढली आणि मागच्या सीटकव्हरची शिवण टराटरा उसवली.

मालक झुल्यावरून उठला. आत नवा कोरा स्पंज होता. पांढरा, स्वच्छ. गाळाचा कण नाही.

"बेन, आ शुं कर्युं?" मालक म्हणाला, आणि मग गजाभाऊकडे वळून हिंदीत सुरू झाला की ही कुठली माणसं आणलीस, कव्हर फाडलं, आता गाडी घ्यावीच लागेल. गजाभाऊचा चेहरा लाल झाला होता. त्याने मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"तुले काय समजस गाडीमधलं?" तो म्हणाला. "धागा काप, जाय. शाळामा बी हाईच कयं."

शाळेतही हेच केलंस. हे तो मालकासमोर बोलला, आणि मालकाला अहिराणी कळली नाही तरी सूर कळला. तो हसला. माझ्या हातात कातर होती आणि मला ती कुठे तरी मारायची होती. बाबा खाली बघत होते. माझ्यामुळे आता ही गाडी गळ्यात पडणार होती.

आई तेवढी हसली नाही की रागावली नाही. ती उसवलेल्या कव्हराजवळ आली, स्पंज दोन बोटांत दाबून पाहिला, आणि मला विचारलं,

"तुले काय दिखनं, ते सांग."

कोणी असं विचारलं की माझा राग उतरतो. फार लोक विचारत नाहीत. मी म्हटलं, सगळं नवं आहे. साडी नव्या खोक्यात घालतात, खळ नवी देतात, तसं यांनी सीट नवी घातली. मी चुकीच्या जागी उसवलं. फॉल बघायला पाहिजे.

गाडीला फॉल कुठे असतो? मी दार उघडून उभी राहिले. चौकटीला काळ्या रबराची पट्टी असते, दार आपटू नये म्हणून. ती पत्र्याच्या कडेवर दुमडून बसवलेली असते, अगदी साडीच्या काठाला फॉल असतो तशी. मी गुडघ्यावर बसले, उंबऱ्याच्या कोपऱ्यात कातरीचं टोक घातलं आणि पट्टी उपटली.

पट्टी सुटली तशी दुमडीतून गाळाची कांडी निघाली. वीतभर लांब, पट्टीच्या आकाराची, सुकून कडक. खाली पडून तिचे चार तुकडे झाले. एक मालकाच्या चपलेवर.

मालक म्हणाला, धूळ आहे, सुरतमध्ये कुठल्या गाडीत धूळ नसते. बाबा खाली उतरले. त्यांनी एक तुकडा उचलला, तळहातावर चुरडला, थोडी थुंकी लावून अंगठ्याने घासला. त्यांनी हा गाळ फियाटच्या शिफ्टमधल्या लोकांच्या घरांतून आठ दिवस फावड्याने उपसला होता.

"हाई तापीना गाळ शे," ते म्हणाले. बयाणा खिशात, नारळ पिशवीत. मालक कव्हराच्या शिवणीबद्दल बोलायला लागला तेव्हा आईने सुईदोरा काढला, पिशवीत असतोच, आणि गाडीत बसून पाच मिनिटांत ती शिवण पहिल्यासारखी घालून दिली. जाताना त्याला सांगितलं, मजुरी राहू दे.

बाहेर आल्यावर गजाभाऊ बोलत होता की माझा शब्द गेला, मार्केटमध्ये तोंड कसं दाखवू. दहा दिवसांतले नऊ उरले होते आणि आमच्याकडे फक्त नारळ होता.

पुढचे पाच दिवस मी बाबांबरोबर फिरले. सकाळच्या शिफ्टची माणसं सोडून ते यायचे आणि आम्ही बघायचो. अकरा गाड्या बघितल्या. आधी पट्टी, मग बाकीचं. चार गाड्यांत गाळ निघाला. एकाने तर पट्टीला हात लावू दिला नाही, म्हणजे पाच. बाकीच्यांत कुठे गठ्ठे मावत नव्हते, कुठे इंजिन धूर ओकत होतं. सहाव्या दिवशी बाबा म्हणाले, शेठकडे महिनाभराची मुदत मागून बघू. मला माहीत होतं शेठ देणार नाही. आईलाही माहीत होतं. ती त्या संध्याकाळी एकटी पाच साड्या जास्त घेऊन बसली.

सातव्या दिवशी पंक्चर काढायला थांबलो होतो. गजाभाऊही होता, त्याला मार्केटला सोडायचं होतं. पंक्चरवाल्याच्या पलीकडे एक मारुती व्हॅन उभी. पांढरी होती असं म्हणायचं, मागे पोचा, आरशाला चिकटपट्टी. काचेवर गुजरातीत कागद, वेचवानी छे, म्हणजे विकायची आहे. अंगावर फोटो स्टुडिओचं अर्धं पुसलेलं नाव.

गजाभाऊ म्हणाला, या डब्यात बसायचं तर चिंधाचा टेम्पो काय वाईट. मी तोवर रस्ता ओलांडला होता.

मालक आमच्याच खानदेशातला निघाला, अमळनेरचा. हिलालकाका. उधन्यात लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढायचा, आता मुलाने मोठी गाडी घेतली होती. मी विचारायच्या आधीच सांगायला लागला. दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो. आणि सरकता दरवाजा.

"दरवाजा आडकस. उचलीसन लोटना पडस," त्याने उचलून लोटून दाखवला.

ज्याला विकायचं आहे तो स्वतःहून खोट सांगतो, असं त्या आठवड्यात पहिल्यांदा झालं. तरी मी म्हटलं, काका, तुमची पट्टी उपटू का? तो म्हणाला, उपट की.

मी कातर घातली. पट्टी चिकटून बसली होती, जोर लावला तेव्हा सुटली. आणि दुमडीतून तांदूळ पडले.

लाल, पिवळे, काही नुसते मळलेले. हळदीकुंकवाच्या अक्षता. मागून आलेल्या पिवळ्या नव्या होत्या, तळातल्या किड्यांनी पोखरून पीठ झालेल्या. त्यात गुलाबाची काळी पडलेली पाकळी, सोनेरी जरीचा धागा, फोटोच्या रिळाच्या डबीचं झाकण. हिलालकाका वाकून बघत होता. म्हणाला, मंगलाष्टकं झाली की लोक आधी नवरानवरीवर फेकतात आणि मग फोटोवाल्यावर. अंगावरचे इथे झडायचे. किती लगीनसराया असतील, सात तरी.

सात लगीनसराया एकावर एक बसल्या होत्या. या गाडीत पाणी शिरलं असतं तर पहिल्या तासात सगळे वाहून गेले असते. मी ते तांदूळ ओंजळीत घेतले आणि गजाभाऊच्या पुढे धरले. तो मार्केटमधला माणूस आहे, मागची बाजू त्याला बघावी लागत नाही, पण मूर्ख नाही. त्याने एक दाणा उचलला, नखाने फोडला. मग गुपचूप जाऊन व्हॅनच्या दुसऱ्या बाजूची पट्टी स्वतः उपटली. तिथेही तांदूळ.

बाबा व्हॅन सचिन गावापर्यंत नेऊन आले. आईला आम्ही घरून आणलं. तिने मागची सीट दुमडली, हाताने अंतर मोजलं, मग आत जाऊन गठ्ठ्यासारखी गुडघे पोटाशी घेऊन बसली, सरकली, परत बसली. असं पाच वेळा.

"पाच मावतीन," ती आतून म्हणाली. "सहावा बी."

नारळ आठ दिवस पिशवीत राहून थोडा सुकला होता. तो व्हॅनच्या पुढच्या चाकाजवळ फोडला. हिलालकाकाने सवयीने फोटो काढला. गजाभाऊने पुढे होऊन चावी घेतली, मोठ्यांनी घ्यायची असते म्हणून, आणि बाबांना द्यायला वळला.

"चाबी हर्षदाले दे," बाबा म्हणाले.

गजाभाऊने ती मला दिली. हातात ठेवताना म्हणाला, गिअर दुसरा सांभाळून टाक. मी म्हटलं, तू मागे बस, दरवाजा उचलायला माणूस लागतो. तो बसला.

उतराणच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवाला मी कडोदऱ्याच्या फाटकात हॉर्न दिला. झाडांत कटलेले पतंग अडकले होते. चिंधाचा टेम्पो आमच्या आधी येऊन उभा, चिंधा बोनेटला टेकून चहा पीत होता. वॉचमनने व्हॅनमध्ये डोकावून आईकडे बघितलं, मागे बघितलं, आणि ड्रायव्हर कुठे दिसेना म्हणून विचारलं, "ड्रायवर क्यां छे?"

मी हँडब्रेक ओढला, खाली उतरले, सरकता दरवाजा उचलून लोटला. एका झटक्यात उघडला.

सहा गठ्ठे भरले. शेठने वहीत चिंधाच्या जागी आईचं नाव लिहून घेतलं, कलाबाई भिकन पाटील. चिंधाचा चहा संपला होता तरी तो कप धरून उभा होता. परतीच्या वाटेत आई पुढे माझ्या बाजूला बसली. गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्याच होत्या, काहींच्या गळ्यात कातर. मी हॉर्न वाजवला तो थेट शेवटच्या घरापर्यंत सोडलाच नाही.