उतरलेली पट्टी

"आज नाय, नंदू. ह्यापुढे रात्रीचा सराव माज्या घरात नाय," असे म्हणून जयवंतबुवा उंबरठा अडवून उभे राहिले.

नंदूच्या खांद्यावर पखवाज होता. "गणपती तोंडार इले आनि बुवाच दार अडवतत?"

"चेडवाची, माज्या नातीची, नीज मोडता रे."

"आमी काय ह्याच आवाजात वाढलंव नाय? आमचा काय झाला?"

"तुजा काय झाला ता सगळ्या नाहूराक ठावक हा. दहावी सुटाक किती वर्सा लागली?"

नंदू हसला नाही. पखवाज सावरून तो चाळीचा जिना उतरून गेला.

दिवसा मुलुंडच्या एका सोसायटीत पाण्याचा पंप चालवणारे जयवंत, गुरुवारी रात्री मात्र बुवा होत असत. त्यांची एकच खोली हेच भजनमंडळाचे स्थान. परंतु नात गंधाली हिचे चित्त कोठेच ठरेना. दिवाळीपर्यंत पाहू, अन्यथा दुसरी शाळा शोधा, असे शाळेने बजावले होते. डॉक्टरीणबाईंनी समजावले, की हा एडीएचडी आहे. हा मुलीचा हट्ट नव्हे आणि आईबापांचा दोषही नव्हे. औषध चालू राहील, पण घरानेही बदलले पाहिजे. झोप वेळेवर, जेवताना मोबाईल नको, सकाळी मोकळे धावणे, आणि एका वेळी एकच काम सांगणे.

सून शुभा तोंडाने काही बोलली नव्हती. गुरुवारी ती लेकीच्या कानांत कापूस घालून तिला मोरीजवळ निजवीत असे. पाणी पिण्यास उठलेल्या बुवांनी एकदा पाहिले, तो गंधाली टक्क जागी होती व तिची बोटे फरशीवर पखवाजाचा ठेका धरीत होती. त्याच क्षणी त्यांचा निश्चय झाला. मंडळ दुसरा बुवा शोधील, हे त्यांनी मनोमन स्वीकारले.

रविवारी सकाळी रोजच्याप्रमाणे ते नातीला मैदानावर धावायला घेऊन निघाले.

"आजोबा, काय करू?"

"आधी चप्पल."

"घातली. आता?"

"आता बाटली घे."

मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली, पेटी उघडून मंडळ बसले होते. मध्यभागी नंदू.

"चेडू धावता तवसर आमी गातंव," तो बुवांकडे न बघता म्हणाला. "बसा आता. की हंयसुद्धा दार लावतास?"

बुवा पत्र्याखाली येऊन बसले. मंडळाचे हे उपकार कोणत्या जन्मी फिटावे, एवढेच त्यांच्या मनात आले. त्या दिवसापासून सराव सकाळीच होऊ लागला.

सहामाही परीक्षा झाली. शुभा शाळेतून आली ती पदराने डोळे टिपीत. "बाबा, बाई म्हणाल्या, राहू दे हिला. पेपर पूर्ण लिहिते आता." मग हळूच म्हणाली, "तुम्ही गाणं सोडायला निघाला होतात. मी विसरणार नाही."

त्या रविवारी बुवांनी आनंदाच्या भरात गजर जुन्याच पट्टीत उचलला. रात्री लीलया चढणारा तो सूर सकाळच्या जड गळ्यात फाटला. पुन्हा घेतला; पुन्हा फाटला.

पेटीवाल्याने बोटे दोन पट्ट्या खाली सरकवली. नंदूने हातोडी घेतली आणि मान खाली घालून पखवाजाचा सूर उतरवू लागला. फेरी संपवून धापा टाकीत आलेली गंधाली पाणी प्याली, ठोके ऐकत क्षणभर थांबली, आणि पुढच्या फेरीला धावली.

बुवांनी डोळे मिटले व खालच्या पट्टीत गजर धरला.