व्हियोरिकासाठी एक पिशवी

कुणाकडे कोण उतरणार याची यादी वाचून संपली तरी लुसेत जागची हलली नाही. वाचताना काहीतरी चुकलं असणार, असंच तिच्या मनात होतं. नगरभवनाच्या सभागृहात रुमानियाहून आलेले बत्तीस पाहुणे आपापल्या यजमानांच्या गळ्यात पडत होते, गालाला गाल लावले जात होते, बॅगा उचलल्या जात होत्या. आणि तिची व्हियोरिका, आजवरच्या चौदाच्या चौदा खेपांना तिच्याच घरी उतरलेली व्हियोरिका, नोटरीसाहेबांच्या मोटारीत सामान ठेवत होती.

बस सहाला यायची होती, लुसेत साडेतीनपासून इस्त्रीचं जाकीट घालून पहिल्या रांगेत बसली होती. घरी पिवळी रजई उन्हात घालून झाली होती, बटाटे भरलेली पेस्ट्री भट्टीत ठेवायची तेवढी बाकी होती. व्हियोरिकाने निघताना येऊन तिला घट्ट मिठी मारली, कानाशी काहीतरी बोलली. काय बोलली ते लुसेतला कळलं नाही. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती आणि इतक्या वर्षांत त्यावाचून त्यांचं कधी अडलंही नव्हतं.

सभागृह रिकामं होत आलं तशी ती उठली आणि म्युरिएलपुढे जाऊन उभी राहिली. म्युरिएल म्हणजे हे फ्रेंच गाव आणि व्हियोरिकाचं गाव यांच्यातल्या देवाणघेवाण समितीची अध्यक्ष. पंचेचाळिशीची बाई, पण लुसेतच्या लेखी अजून शाळेतलीच. एकतीस वर्षं लुसेतने त्या शाळेच्या स्वयंपाकघरात डाव फिरवला होता, अर्धं गाव तिच्या हातचं खाऊन वाढलं होतं.

"तुम्हाला दगदग नको म्हणून हो, मादाम लुसेत," म्युरिएल कागद चाळत म्हणाली. "मस्ये फेर्नाँ गेल्यापासून तुम्ही एकट्या. आता वयही झालं."

"तू गाजरं टेबलाखाली टाकायचीस ना, तेव्हाही खोटं बोलताना तुझे कान लाल व्हायचे. काय झालंय ते सांग."

म्युरिएलने कागदांची घडी घातली. बसच्या ड्रायव्हरसाठी एक खोली कमी पडत होती, मादामला जमेल का, एवढं तिने विचारलं. घ्या! पानं मांडून बसावं आणि पाहुण्याऐवजी त्याचा गाडीवान जेवायला यावा, त्यातली गत. पण काढलेली रजई तशीच पडून राहण्यापेक्षा बरं, म्हणून लुसेत हो म्हणाली आणि बाहेर आली.

ड्रायव्हर बसच्या दाराशी सिगारेट ओढत उभा होता. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा, नाव सांदू. त्याच्या अंगावर तिच्या नवऱ्याचा, फेर्नाँचा कोट होता.

दुसऱ्या कुणाचा असायला तो काही बाजारू कोट नव्हता. लिमोजच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला, राखाडी लोकरीचा. फेर्नाँने तो तीनदा घातला असेल नसेल. कॉलरच्या आतली पट्टी लुसेतने स्वतः टाचलेली होती. फेर्नाँ गेल्यावर पोटच्या मुलाने मागितला, तरी तिने त्याला दिला नाही. व्हियोरिकाच्या नवऱ्यासाठी ठेवला, आणि दोन वर्षांपूर्वी पिशवीत सगळ्यात वर घालून दिला.

पिशवीची ही रीत नव्वद सालच्या जानेवारीपासूनची. तेव्हा रुमानियातली राजवट नुकतीच कोसळली होती, लोकांचे हाल चालले होते, म्हणून गावाने कपडे, औषधं, दूधभुकटी गोळा करून एक ट्रक तिकडे धाडला होता आणि त्या ट्रकमधून लुसेतही गेली होती. ज्या घरात तिला झोपायला जागा दिली तिथे चूल विझलेली होती, बाळ बापाच्या बंडीत गुंडाळलेलं होतं आणि बाळाची आई, ही व्हियोरिका, पातळ झग्यावर कुडकुडत होती. लुसेतने अंगातला स्वेटर काढून तिच्या डोक्यातून घातला. पुढे फेर्नाँची छाती दुखायला लागली, मग तिचे गुडघे, त्यामुळे परत तिकडे जाणं काही झालं नाही. पण व्हियोरिका आली की शेवटच्या सकाळी स्वयंपाकघरात एक पिशवी तयार असायची. धुतलेले, इस्त्री केलेले, बटणं तपासलेले कपडे. व्हियोरिका दोन्ही हात छातीशी नेऊन, मान लववून तीनतीनदा आभार मानायची. यंदाचीही पिशवी कपाटात तयार होती.

कोट बघून लुसेतला खरं म्हणजे बरंच वाटलं. व्हियोरिकाच्या नवऱ्याला आखूड झाला असेल, म्हणून तिने याला दिला असेल. कुणाच्या का होईना, अंगाला लागला.

सांदूला फ्रेंच चांगलं यायचं. तुलूझला सहा वर्षं त्याने गिलाव्याची कामं केली होती. कोट खुर्चीच्या पाठीला टाकून तो जेवायला बसला. पेस्ट्रीचा दुसरा तुकडा लुसेतने न विचारताच त्याच्या ताटात घातला आणि म्हणाली, "कोट छान बसतो हो तुम्हाला. व्हियोरिकाने दिला?"

"दिला कसला, मिळाला!" सांदू हसला. मागच्या खेपेला परतताना हमरस्त्यावरच्या थांब्यावर सगळे पाय मोकळे करायला उतरले. व्हियोरिकाने एक पिशवी कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली आणि गुपचूप येऊन जागेवर बसली. याने डोकावून बघितलं तर असला माल! टाकून कशाला द्यायचा, म्हणून उचलला.

लुसेतच्या हातातला सुरा पावावर तसाच राहिला. सांदू आपला खाता खाता बोलतच होता. म्हणे व्हियोरिकाची कुणी एक बाई आहे इथे, दर वेळी जुने कपडे बांधून देते. आता हिचं दुमजली घर आहे, थोरली लेक दातांची डॉक्टर आहे, जावयाची गाडी या नोटरीच्या गाडीहून मोठी आहे. आणि आपल्या गावात उतरायचं तर हातात ही पिशवी! मग आधीच्या खेपांना ही बया तिकडे गिरणीपाशीच बस थांबवायला लावायची आणि नदीकडच्या मागच्या वाटेने घरी जायची, चारचौघांनी बघू नये म्हणून. या खेपेला तर तिनेच समितीला लिहिलं, मला दुसरं घर द्या, पण त्या बाईला कळू देऊ नका.

"नको म्हणायला काय झालं होतं?" लुसेतने सुरा बाजूला ठेवला. "नुसतं नको म्हणायचं. त्याला काय भाषा लागते?"

"कसं म्हणणार? त्या थंडीत त्या बाईने स्वतःच्या अंगातला स्वेटर काढून हिला घातला होता. ती रडते सांगताना. असल्या माणसाला नको म्हणता येतं होय?"

असं म्हणत त्याने पाण्यासाठी हात लांबवला, आणि तेव्हा त्याला कपाटावरचा फोटो दिसला. लेकाच्या लग्नातला फेर्नाँ, राखाडी कोटात. सांदूने फोटो बघितला, मग खुर्चीवरचा कोट बघितला, आणि चमचा खाली ठेवला. मग उठून त्याने कोटाची घडी घातली आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवला.

"घाला तो," लुसेत म्हणाली. "बाहेर गारठा आहे. खालचं बटण तेवढं तुटलंय."

तिने बिस्किटांचा जुना डबा काढला. शिंप्याने दिलेलं जादाचं बटण त्यात अजून होतं. चष्मा लावून ती दिव्याखाली बसली आणि ते लावून दिलं. दोनदा दोरा ओवताना हुकला तेव्हा सांदूने सुई मागितली, ती तिने दिली नाही.

पुढचे तीन दिवस ठरल्याप्रमाणे गेले. चेस्टनटची जत्रा झाली, सफरचंदाची दारू झाली, रुमानियन बाया भरतकामाचे झगे घालून चौकात नाचल्या. व्हियोरिका लांबून हात करायची, लुसेतही करायची. रात्री तिला वाटे, जावं आणि विचारावं. पण विचारायचं कुठल्या तोंडाने आणि कुठल्या भाषेत? चौदा पिशव्या! एकही तिने नुसती द्यायची म्हणून दिली नव्हती.

निघायच्या सकाळी सगळं गाव बसपाशी जमलं. वाटेत खायला म्हणून जो तो आपल्या पाहुण्याला टोपली देत होता. लुसेत मोकळ्या हातांनी आली होती. व्हियोरिकाची नजर आधी त्या हातांकडे गेली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला लुसेतने बघितला. मग व्हियोरिका लगबगीने नोटरीच्या मोटारीकडे गेली आणि एक भलीमोठी चकचकीत पिशवी घेऊन आली.

आत एक कोट होता. मऊ, जाडजूड अस्तराचा, डाळिंबी रंगाचा, दुकानाचं लेबल असलेला. खाली लोकरी सपाता. व्हियोरिकाने तो बाहेर काढून लुसेतच्या खांद्याला लावून बघितला, डोळे पुसले आणि भराभरा काहीतरी बोलली. आजूबाजूची माणसं कौतुकाने बघत होती. नोटरीणबाईंनी तर टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणते?" लुसेतने सांदूला विचारलं.

सांदू खाली बघत म्हणाला, "म्हणते, तुम्ही आता एकट्या असता. घर गार पडत असेल. पेन्शन ती अशी कितीशी असणार."

लुसेतने दोन्ही हात छातीशी नेले, मान लववली आणि तीनदा आभार मानले. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं की हे आपण कुणाकडून शिकलो. व्हियोरिकाच्याही लक्षात आलं असावं, कारण तिने एकदम नजर वळवली आणि बसमध्ये चढली.

बस वळणाआड गेली. म्युरिएल म्हणाली, "मादाम लुसेत, पिशवी जड आहे, गाडीतून सोडते." लुसेत नको म्हणाली. चौकातून तिचं घर पाच मिनिटांवर होतं, पण चौकात माणसं उभी होती. ती जुन्या धुण्याच्या घाटामागून जाणाऱ्या चिखलाच्या वाटेला लागली, पिशवी भिंतीकडच्या हातात धरून.