तिसरं मशीन

मी फटकळ तोंडाचा माणूस, म्हणून सरळच सांगतो. ताइचुंगच्या आमच्या लेथ मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात नियम एकच. परदेशात जाऊन तीन मशीनं बसवलीत, तरच दुरुस्ती खात्याचा प्रमुख होता येतं. प्रमुख मी होतो आणि वर्षअखेरीस निवृत्त होणार होतो. माझ्या हाताखालच्या वान-युनची दोन झाली होती, व्हिएतनाम आणि थायलंड. तिसरं तुर्कस्तानात. मार्चचं तिकीट काढलेलं, आणि साथ आली. विमानं बंद! आठ वर्षं माझ्या शिव्या खाऊन पोरगी इथवर पोचली होती. आमचे मालक ल्याव शेठ, त्यांच्या पुतण्याची मात्र तिन्ही झालेली, आणि त्याला मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"मास्तर, मशीन बोटीने पोचलंय. मी फोनवरून बसवते," वान-युन म्हणाली.

"नूडल्स मागवायच्यात का फोनवरून?" मी खेकसलो.

तिने ऐकलं नाही. रोज दुपारी तिकडच्या केमाल नावाच्या मुकादमाला फोन. दोघांचं इंग्रजी तोडकंमोडकं. मशीनने गुणी बाळासारखं वागावं म्हणून आम्ही त्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतो. मशीनसोबत पाठवलेलं ते पाकीट केमालने पहिल्याच दिवशी फोडून खाल्लं.

"खाल्लंस? मग आता तूच शहाण्यासारखं वाग!" ती म्हणाली. तो खो खो हसला, आणि तिथून पुढे ती सांगेल ते करत गेला.

नवव्या दिवशी मशीन घरघरायला लागलं. मी म्हटलं, बेअरिंग गेलं. वान-युनने त्याला फोन मशीनला लावायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकलं.

"नाही मास्तर. मागचा डावा पाय अधांतरी आहे."

केमालने पाय कसला आणि चालू मशीनवर एक नाणं उभं केलं. हललंसुद्धा नाही! तोंडावर मास्क होता म्हणून बरं, नाहीतर माझं हसू अख्ख्या खात्याने पाहिलं असतं.

वर्षअखेरच्या बैठकीत शेठ म्हणाले, "वान-युनचं कौतुकच आहे. पण नियम परदेशात जाऊन मशीन बसवण्याचा आहे. फोनवरून बसवलेलं धरता येणार नाही."

"बरोबर आहे, शेठ," ती खाली बघून म्हणाली. तिचा तो गरीबपणा बघून माझं डोकंच फिरलं. मी उठलो.

"शेठ, माझं तिसरं मशीन कुठलं?"

"जकार्ता. किती वेळा सांगाल? सगळ्यांना पाठ आहे."

"ते मी फोनवरून बसवलं."

"काय?"

"रस्त्यावरचं काहीतरी खाल्लं आणि पाच दिवस हॉटेलच्या संडासात बसून होतो. तिथे भिंतीला फोन होता. मी तिथून ओरडायचो आणि त्यांचा माणूस पाना फिरवायचा. फोनवरचं धरत नसाल, तर माझं सव्वीस वर्षांचं प्रमुखपदही काढून घ्या!"

मग एका मास्कमधून फसकन आवाज आला आणि सगळी बैठक हसत सुटली. शेठ डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"असलं कुणी सांगत फिरतं का?"

शेठनी प्रमुखपदाच्या कागदावर वान-युनचं नाव लिहिलं. तेव्हापासून कारखान्यातली पोरं मला "मास्तर, पोट बरंय ना?" असं विचारतात. विचारू देत. शेवटच्या दिवशी मी खात्याच्या किल्ल्या वान-युनच्या हातावर ठेवल्या. तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय, वेडे?" मी म्हटलं. "तू माझ्यापेक्षा सरस निघालीस. मला निदान जकार्तापर्यंत जावं तरी लागलं होतं."