मंजूर दोन, रिक्त एक

"तो कॉपर का यह टुकड़ा, टेम्परेचर हज़ार डिग्री. बताओ, इसमें खाली जगहें कितनी?" प्रणोती घाटे मॅडमनी फळ्यावर आकडा लिहिला आणि त्याच वेळी दारात तुळशीराम प्यून येऊन उभा राहिला.

तुळशीराम एरवी चिठ्ठी आणायचा, कधी चहाचं विचारायचा. आज त्याच्या हातात काहीच नव्हतं. "मैडम जी, प्राचार्य जी बुला रहे हैं," तो म्हणाला आणि खाली फरशीकडे बघत राहिला.

"हिसाब पूरा करके आती हूँ."

"अभी बुलाए हैं."

बी.एस्सी.च्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. प्रणोतीने घाईघाईत धातूतल्या अणूंच्या रिकाम्या जागांचं सूत्र लिहिलं, आकडे टाकले, तापमानाच्या जागी एक हजार मांडले आणि उत्तर काढायला सांगून ती निघाली. चष्मा टेबलावरच राहिला.

आता जबलपूरच्या सरकारी कॉलेजात या बाईंची नोकरी कसली, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. प्रणोती अतिथी विद्वान होती. ही शिवी नव्हे, पदाचं नाव आहे. जिथे पक्का प्राध्यापक नाही तिथे सरकार पाहुणा नेमतं आणि त्याला मानानं विद्वान म्हणतं. रांझीतल्या घरी तिच्या आई बेबीताई शेजारीपाजारी सांगताना पहिला शब्द गिळायच्या आणि नुसतं विद्वान म्हणायच्या. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "प्रोफेसरच समजा."

या पाहुणपणाला सतरा वर्षं झाली होती. गंमत अशी, की पाहुणा बसला तरी ती जागा सरकारदरबारी रिकामीच धरतात. दरवर्षी विभागाच्या रिकाम्या जागांची मोजणी वर कळवायची असते, आणि संगणकाचं काम म्हटलं की सगळे प्रणोतीकडे बोट दाखवायचे. ती इमानेइतबारे भरायची: भौतिकशास्त्र, मंजूर दोन, भरलेली एक, रिक्त एक. त्या रिक्त एकमध्ये ती स्वतः बसलेली असायची. पहिल्या वर्षी तिला हसू आलं होतं. पुढे सवय झाली.

आणि बदली होऊन एखादा पक्का माणूस त्या जागेवर आला, की पाहुण्यानं उठायचं. त्याला इकडे फॉलन आउट म्हणतात. म्हणजे गळाला. मग राज्यात कुठे कुठे जागा खाली आहेत ते बघायचं आणि पर्याय भरायचे. झाबुआ म्हणा, सिंगरौली म्हणा, राज्याचं कुठलंही टोक.

प्राचार्य डॉ. श्यामसुंदर मोघे मराठीच. पण त्यांचा एक नेम होता. दार उघडं असलं की ते प्रणोतीशी हिंदीत बोलत, दार लावलेलं असलं की मराठीत. आज ती आत गेल्यावर त्यांनी स्वतः उठून दार लावलं. ती तेव्हाच समजली.

"बैस," मोघे म्हणाले. "काय सांगू तुला, सकाळपासून हाच विचार करून राहिलो."

"कोण आलं, सर?"

"दुबे म्हणून आहेत. सुशांत दुबे. डिंडोरीहून. आईवडील इथं विजय नगरला एकटे आहेत, म्हणून बदली मागितली होती त्यांनी. माणूस वाईट नाही वाटत." त्यांनी कागदांवरचा पेपरवेट उगाच सरकवला. "सकाळी जॉइन झाले. पूर्वाह्नात."

"म्हणजे आजचा तास माझा नव्हताच."

"कागदावर नव्हता. मी त्यांना म्हटलं, दुपारनंतरचं लिहू. पण बाबूनं आधीच चढवून टाकलं." मोघ्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की ते भराभर बोलत. "तुझ्यासारखं सॉलिड स्टेट कोणी शिकवत नाही, हे मी कुठंही लिहून देतो. पण करू काय?"

तुझ्यासारखं कोणी शिकवत नाही, हे वाक्य प्रणोतीला पाठ होतं, कारण ते ती स्वतःलाच सांगत आली होती. लग्न झालं नाही तेव्हा, बरोबरीच्या मैत्रिणी शाळांमध्ये पक्क्या झाल्या तेव्हा, दरवर्षी नव्यानं अर्ज करताना. कागद काहीही म्हणो, हा धडा माझ्यासारखा कोणी शिकवत नाही. जागा सरकारची असेल, वर्ग माझा आहे. इतक्या वर्षांत तिच्याजवळ जमा झालेलं असं हेच होतं.

मोघ्यांनी कार्यमुक्तीचा कागद पुढे केला. अक्षरं पुसट दिसायला लागली तेव्हा तिला चष्मा आठवला.

"आणते," ती म्हणाली.

"अगं, वर्गात दुबे गेलेत. पोरी नुसत्या बसून राहतील म्हणून मीच पाठवलं."

"दारातून घेते."

व्हरांड्यातून जाताना तिच्या मनात एकच इच्छा होती, आणि ती चांगली नव्हती. या दुबेला काही येत नसावं. डिंडोरीला निवडणुकीची कामं आणि मतदार याद्या करून माणूस सगळं विसरलेला असावा. पोरींनी खिडकीबाहेर बघत बसावं. एवढं झालं तर ती सुखानं सही करणार होती.

दार अर्धं उघडं होतं. आत फळ्यावर तिचंच अक्षर होतं आणि त्याच्या शेजारी एक ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस हात मागे बांधून उभा होता.

"मैडम ने टी की जगह क्या लिखा है?" तो विचारत होता.

"हज़ार, सर."

"हज़ार क्या? सेल्सियस?"

मुली फळ्याकडे बघू लागल्या. बाहेर प्रणोतीच्या कानशिलांत ठण्ण झालं. सेल्सियसचं केल्विन करायला दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे राहिले होते. ज्या चुकीवर तिनं सतरा वर्षं पोरींचे मार्क कापले, ज्या चुकीची शिक्षा घाटे मॅडमची फाशी म्हणून कॉलेजभर ठाऊक होती, तीच. तांब्यातल्या रिकाम्या जागा त्यामुळे जवळपास दहापट कमी निघत होत्या.

"मैम भूल गईं," मागून कुणीतरी म्हणालं.

"भूली नहीं हैं," दुबे म्हणाले. "जाते-जाते तुम्हारे लिए छोड़ गई हैं. देखना चाहती थीं कि कौन पकड़ता है. चलो, कौन पकड़ेगा?"

अवंतिका नावाची पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि तिनं फळ्यावर हजारचे बाराशे त्र्याहत्तर केले. दुबेंनी तिच्याकडून खडू परत घेतला नाही. पुढचं तिच्याकडूनच करवून घेतलं. मग त्यांनी विचारलं, की तापवल्यावर जागा जास्त रिकाम्या का होतात. मुली काहीबाही बोलल्या. त्यांनी कुणालाच चूक म्हटलं नाही. सगळ्या बाकांवरच्या मुलींना उभं केलं, थोडं हलायला लावलं, मग आणखी जोरात हलायला लावलं, आणि किती जणी आपल्या जागेवरून घसरल्या ते मोजायला सांगितलं. पोरी हसत होत्या आणि मोजत होत्या. शेवटच्या बाकावरची, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती, ती आकडा ओरडून सांगत होती.

प्रणोतीला हे कधी सुचलं नव्हतं. ती भिंतीला टेकून सगळा तास उभी राहिली.

घंटा झाली तसे दुबे बाहेर आले. तिला बघून ओशाळले, मग हातातला चष्मा पुढे केला. "आपका होगा. नमस्ते. बच्चियाँ बहुत तैयार हैं, मैडम. मुझे तो बस आगे चलाना है."

"वो मैंने छोड़ा नहीं था, सर. भूल गई थी."

"मैं भी भूलता हूँ," दुबे म्हणाले. "हर साल."

तिनं चष्मा लावला, ऑफिसात जाऊन कागद नीट वाचला आणि सही केली.

दुपारच्या उन्हात स्कूटी रांझीच्या फाटकाशी वळली तेव्हा बेबीताई जेवून आडव्या पडल्या होत्या. वडील असताना कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेलेला जन्म आता मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत चालला होता.

"काहून गं, एवढ्या लवकर?"

"फॉलन आउट झाले, आई."

"पडली?" बेबीताई ताडकन उठून बसल्या. "गाडीवरून? कुठं लागलं, दाखव."

"गाडीवरून नाही. नोकरीतून. पक्का माणूस आला माझ्या जागी."

बेबीताईंनी तरीही तिचे कोपर तपासले. मग त्या गॅसपाशी गेल्या आणि वरण गरम करायला ठेवलं. पाठ करूनच बोलू लागल्या.

"येऊ दे आला तर. आठ दिवस नाही टिकायचा. तुझ्यासारखं कोणाला येतं का शिकवता? त्या पोरीच प्रिन्सिपलकडे जातील, म्हणतील, आमची मॅडम आणा. तू पाहून घे. बुलावा येते की नाही."

"नाही येणार."

"काहून नाही येणार?"

खोटं बोलायला काही हरकत नव्हती. रांझीहून कुणी उठून त्याचा तास ऐकायला जाणार नव्हतं, आणि आईचे चार महिने त्या बुलाव्याच्या आशेवर बरे गेले असते. तिचेही गेले असते.

"चांगला शिकवतो तो, आई."

"तुझ्याइतकं?"

"माझ्याहून चांगलं. मी बाहेर उभी राहून ऐकलं."

बेबीताई वरण ढवळत राहिल्या.

"अच्छा," त्या अखेर म्हणाल्या. "चलो. पोरींचं तर नुकसान नाही झालं."

"हो. नाही झालं." प्रणोतीनं चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा पुसला. "थोडं तरी व्हायला पाहिजे होतं गं," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला रडू आलं.

बेबीताईंनी गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी येऊन बसल्या.