राहिलेली किरणं

मित्रांनो, मी कर्करोगावर किरणं देणारं एक जुनं यंत्र आहे. दवाखान्यातले लोक मला 'म्हातारबा' म्हणतात, त्यामुळे मीही स्वतःला पुरुषमाणूसच समजतो. माझ्या शिशाच्या डोक्यात कोबाल्टचा एक तुकडा आहे. माझं सगळं तेज त्यातच, आणि तेही दरवर्षी थोडं थोडं उतरतं.

मी कारखान्यातून आलो तेव्हा मोठा समारंभ झाला. पाहुण्यांनी फीत कापली, माझी तोंडभरून स्तुती केली, आणि ती सगळी दाराबाहेर उभं राहून केली. पुढेही तोच रिवाज पडला. माझं काम सुरू झालं की सगळे बाहेर पळतात आणि जाडजूड दार लावून घेतात. आत उरतो मी आणि पेशंट. एवढा एकांत राजालाही मिळत नसेल.

माझ्याकडे बहुतेक बायाच येतात. बाळ ज्या पिशवीत वाढतं, तिच्या तोंडाशी त्यांना कर्करोग झालेला असतो. लवकर आल्या आणि नेमाने येत राहिल्या तर पुष्कळ जणी बऱ्या होतात. पण लवकर येतं कोण? आधी घरातल्या सगळ्यांच्या सर्दीपडशाचा नंबर लागतो.

अशीच एक शिवणकाम करणारी काकू आली. अंगावरून रक्त जाऊन जाऊन पांढरीफटक पडलेली, जीभ मात्र धडधाकट. मला चालवणारा दादा तिच्या पोटावर शाईच्या खुणा करू लागला, तर म्हणाली, "नीट बेत रे बाबा. तिरकं गेलं तर कापड वाया जाईल."

काही दिवसांनी तिचं रक्त थांबलं. तिच्या नवऱ्याने दारातूनच मला हात जोडले. "म्हातारबांनी कमाल केली!" मी फुगलो. तेवढ्यात काकू म्हणाली, "मग आता उद्यापासून येत नाही."

दादा गडबडला. "काकू, रक्त थांबलंय, आजार नाही. बाहेरची किरणं अर्धीच झालीत. आत नळी ठेवून द्यायची तर सगळीच राहिलीत."

"अरे, अर्धा शिवलेला झगा मी खुंटीला टांगते. सवड मिळाली की तिथूनच पुढे टीप घालते. कापड काय पळून जातंय?"

"हे कापड नाही हो. हे वाढतं."

"सुनेचे दिवस भरलेत. घरात करणारं आहे कोण?"

"हिच्याशिवाय घर चालत नाही हो, डॉक्टर," नवरा म्हणाला. दादा डॉक्टर नव्हता. पण गरजेपुरती बढती लोक कोणालाही देतात.

दुसऱ्या दिवशी तिच्या वेळेला मी नुसताच उभा राहिलो.

नातू रांगायला लागल्यावर काकू परत आली. या वेळी स्ट्रेचरवरून. आजार कंबरेच्या हाडांत उतरला होता. डॉक्टरीणबाई आत आल्या, तशी ती म्हणाली, "बाई, राहिलेली तेवढी देऊन टाका. आता सवड काढून आलेय."

डॉक्टरीणबाई तिच्याजवळ बसल्या. "काकू, तुम्ही थांबलात, आजार थांबला नाही."

"मग दुप्पट द्या की!" नवरा म्हणाला.

"शरीर सोसणार नाही. आजार आता जायचा नाही. दुखणं तेवढं कमी करून बघू."

दुखणं कमी म्हणजे आजार कमी, असा हिशेब नवऱ्याने करून टाकला आणि मान डोलावली.

दादाने कंबरेवर खुणा केल्या. काकूने या वेळी चूक काढली नाही. नुसतं विचारलं, "किती दिवस यायचं रे?"

"आजच्यापुरतंच, काकू."

तिचा चेहरा उजळला. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "या खेपेला लवकर सुटका झाली."

दार लागलं. माझ्याजवळ होतं तेवढं मी दिलं.

मित्रांनो, लवकरच मला मोडीत काढतील आणि माझ्या जागी नवं चकचकीत यंत्र येईल. त्याच्यापुढूनही बाया अशाच अर्ध्यावरून उठून जातील. तुमच्या घरातली कोणी उठली, तर बाळाला तुम्ही घ्या, चूल तुम्ही सांभाळा, पण तिला पुन्हा त्या दाराआड पाठवा. मला हाक मारता येत नाही. ज्यांना येत होती, त्यांना जेवण वेळेवर हवं होतं.