हद्दीच्या दगडापलीकडे

साल १९७३. दुष्काळाचं दुसरं वर्ष. माण तालुक्यात म्हसवडच्या खालच्या अंगाला सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं होतं आणि आसपासच्या गावांची दोन हजार माणसं तिथं दिवसभर खडी फोडत होती. साठीला टेकलेली बनुबाई धनगरीण त्यांतलीच. चाऱ्यावाचून मेंढरं मेली, तशी ती मुलगा धुळा आणि सून राहीबाई यांना घेऊन कामावर आली होती.

फोडलेल्या खडीचा ढीग लावायचा आणि मुकादमानं तो मोजायचा, अशी तिथली रीत. काही लबाड लोक ढिगाच्या पोटात मोठे धोंडे घालून वर खडी पसरत. त्यामुळं मुकादम नानासो प्रत्येक ढिगाला लाथ घालूनच पुढं सरकायचा.

त्या दिवशी दुपारी त्यानं राहीबाईचा ढीग उधळला.

"पोटात काय घातलंयस गं?"

"हात घालून बघा की. तुमच्या पोटात मावतंय तेवढं न्हाई त्यात," राहीबाई म्हणाली.

भोवतालच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. नानासोला ते हसणं झोंबलं. राहीबाईचा हात दगडावर होता. त्यानं मोजायचा लाकडी गज त्या हातावर हाणला. तीन बोटं जागच्या जागी चेचली. ती हाताकडं बघत राहिली. पलीकडं धुळा घणानं दगड फोडत होता. तो चार ढांगांत आला, घण तसाच उचलला आणि नानासोच्या कानशिलावर घातला. एकच घाव. नानासो खडीवर पालथा पडला, दोनदा पाय झाडले आणि संपला. पांढऱ्या खडीत रक्त मुरत गेलं.

हसणाऱ्या बाया पांगल्या. नानासोचा भाऊ लालासाहेब गावचा बडा माणूस होता. त्याला सांगावा द्यायला एकजण सायकलवरून निघालादेखील.

कामावर मजुरांना वाटायच्या सुकडीची पोती घेऊन येणारा रहिमतपूरचा सिकंदर ट्रक रिकामा करत होता. बनुबाईला तो मावशी म्हणायचा. त्यानं तिला टायरामागं ओढलं.

"मावशी, धुळ्याला रिकाम्या पोत्यांखाली घालतो. साताऱ्यात माझ्या वळखीचा वकील हाय, त्याला घिऊन कोर्टात हजर करू. लालासाहेबाच्या हाती लागला तर मेला समज."

"साताऱ्याला कशाला? चार कोसांवर हद्द हाय."

"कसली हद्द?"

"औंधाची. आटपाडीच्या वाटंवर."

"औंध संस्थान बुडून पंचवीस वर्सं झाली गं बाई."

"राजा गेला. दगड कुठं गेलाय? आन् आता दगडाच्या पल्याड सांगली जिल्हा हाय. साताऱ्याचा फौजदार सांगलीत कसा शिरंल?"

"कायदा बदलला, मावशी."

"हितला बदलला का? गज त्योच, मुकादम त्योच, दुष्काळात खडी फोडायची त्यीबी इंग्रजाच्याच येळंपासनं. मग ह्यो येकच तेवढा बदलला व्हय?"

सिकंदरनं हातातलं रिकामं पोतं ट्रकात टाकलं. बनुबाई ऐकीव बोलत नव्हती, तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती नऊ वर्षांची असताना तिच्या बापानं सडकेच्या कामावर गोऱ्या साहेबाच्या कारकुनाचा जबडा मोडला आणि हद्द ओलांडली. खालशातला, म्हणजे इंग्रजी मुलखातला, पोलीस जमादार दगडाच्या अलीकडं थांबला. एक पाऊल पुढं टाकलं नाही त्यानं. बापाकडं तंबाखू मागितली, बापानं पलीकडूनच चिमूट दिली. साताऱ्याहून औंधाला कागद, औंधाहून साताऱ्याला कागद, असे चौदा महिने गेले आणि प्रकरण विझलं. बाप म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला.

राहीबाईला सिकंदरच्या ट्रकमध्ये दवाखान्यात धाडून बनुबाई लेकाला घेऊन निघाली. ऊन मी म्हणत होतं. वाटेत एका कोरड्या ओढ्याशी धुळा थांबला.

"आये, मी डोंगराला लागतो. तू माघारी जा."

"डोंगरात पाणी हाय का तुला प्यायला? गप चल."

दिवस मावळायच्या आधी ती दोघं दगडाशी पोचली. कमरेएवढा दगड. त्यावरची अक्षरं पुसली होती, शेंदूर मात्र कुणीतरी लावला होता. पलीकडं दहा पावलांवर बनुबाई थांबली. मागं धुरळा उठला.

"आये, जीप हाय. पळतो."

"बस खाली. पळणारा चोर दिसतो. तुजा आजा असाच बसला हुता."

धुळा पंचवीस वर्षांचा गडी, पायांत हरणाचा वेग. बाभळीचं रान समोर होतं. पण आईनं बस म्हटलं आणि तो बसला.

जीपमधून एक हवालदार उतरला आणि त्याच्या मागून लालासाहेब, चार गडी घेऊन. गड्यांच्या हातांत कुऱ्हाडीचे दांडे होते. बनुबाई माघारी दगडाशी आली आणि त्याला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली.

"कागूद दावा. सांगलीचा कागूद आना, मीच पोरगं हवाली करते."

"कसला कागद, म्हातारे?" हवालदारानं खरोखर न कळून विचारलं.

लालासाहेब उंबरा ओलांडावा तसा तिच्या बाजूनं गेला.

पहिला दांडा धुळ्याच्या गुडघ्यावर बसला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर. बनुबाई धावली. एकानं तिला झिंज्यांना धरून मागं ओढलं. तिनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला, तेव्हा त्यानं तिचं डोकं दगडावर आपटलं. तोंडात रक्त आलं तरी ती म्हणत होती, कागूद दावा. लालासाहेबानं दांड्याचं टोक लेकाच्या डाव्या डोळ्यात दाबलेलं तिनं पाहिलं. धुळा सगळा वेळ आईकडंच बघत होता, जणू ती आता उठ म्हणेल.

हवालदार जीपला टेकून विडी ओढत होता. विडी संपली तसा म्हणाला, "बास करा. जित्ता न्यायचाय."

पंचनाम्यात लिहिलं गेलं की आरोपी पळताना ओढ्यात पडला.

धुळ्याला सात वर्षांची सजा झाली. लालासाहेबावर केस झाली नाही. तो पुढं सरपंच झाला आणि त्याच पाझर तलावाखाली त्यानं बागायत केली. हवालदाराची बदली झाली, त्याचं पुढं काय झालं कुणाला ठाऊक नाही. सिकंदरनं स्वतःचा ट्रक घेतला; येरवड्याच्या भेटीला तो राहीबाईला दोनदा घेऊन गेला. राहीबाई आष्ट्याला मामाकडं राहिली आणि वाकड्या बोटांनी खुरपं धरून उसाची भांगलण करत तिनं नवऱ्याची वाट बघितली. धुळा सुटला तेव्हा त्याला काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं. मळ्याच्या राखणीचं काम मिळालं त्याला.

बनुबाई त्यांच्याजवळच होती, १९८४ साली वारली. ती होती तोवर कुणी पायाचं विचारलं की धुळा म्हणायचा, खडीवर पडलो. म्हातारी कोपऱ्यातून लगेच बोलायची, "न्हाई. त्यो पळत हुता. मी बशिवला."