तार गेली, प्लेट उरली

मित्रांनो, मी अर्थिंगची एक जुनी तांब्याची प्लेट आहे. बालाघाटला गुणाकरच्या घरामागे, छातीभर खोल खड्ड्यात, मीठ-कोळशाच्या थरांत मला पुरलं आहे. माझ्यापासून एक जाड तांब्याची तार घरात जाते. कूलरच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर ती या तारेने माझ्याकडे येते आणि मी ती जमिनीत सोडते. हे काम कुणाला दिसत नाही.

गुणाकरच्या आईला, मैनाबाईला, मात्र माझी आठवण असे. उन्हाळा लागला की ती दर आठवड्याला खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची. माती कोरडी पडली तर वीज नीट मुरत नाही, हे तिला नवऱ्याने सांगून ठेवलं होतं.

यंदा चैत्रात घराची दुरुस्ती निघाली. रोज नवी माणसं यायची. एका दुपारी मजूर जेवायला गेले असताना एक जण पक्कड घेऊन खड्ड्यापाशी बसला.

"काहून तोडून राह्यला, बाबू?" मैनाबाईने विचारलं.

"नवी लावाची हाय, माई."

"मंग पह्यले पानी पी. ऊन पाय किती हाय."

तो पाणी प्याला, तार गुंडाळून पिशवीत भरली आणि गेला.

त्यानंतर मला चैन पडेना. माझ्याविना दिवे लागतात, पंखे फिरतात. म्हणून कुणाला काही कळलं नाही. पण त्या घरच्या जुन्या कूलरची वीज गेल्या उन्हाळ्यापासून थोडी थोडी माझ्याकडे येत होती. आता ती कुठे जाईल? मी हाक मारू शकत नव्हते.

चौथ्या दिवशी कूलर सुरू झाला. सून ज्योत्स्ना अनवाणी, ओल्या फरशीवरून पाण्याचा पाइप घेऊन निघाली. त्याच वेळी माझ्यावर गार पाणी पडलं. मैनाबाई बादली घेऊन आली होती. जवळच वायरमन मोतीलाल काम करत होता.

"मोतीलाल, नवी तार कवा लावशीन?"

"कोनती तार, माई?"

"तुया मानूस जुनी घेऊन गेलता न."

"मी तं एकलाच येऊन राह्यलो."

पुढच्या क्षणी तो धावला. "वहिनी, कूलरले हात नोका लावू!"

ज्योत्स्ना थबकली. त्याने टेस्टर कूलरच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लाल पेटला. त्याने मेन स्विच पाडला.

मैनाबाई पायरीवर बसली. "मीच पानी पाजलं त्याले."

"पानी पाजलं ते बराबरच केलं, आई," ज्योत्स्ना म्हणाली. "नाव पुसाले पायजे होतं."

संध्याकाळपर्यंत मला नवी तार जोडली गेली. जुनी आता कुठल्या भट्टीत वितळली असेल, कोण जाणे. मैनाबाई अजून कामावरच्या माणसांना पाणी देते. पण आधी नाव विचारते आणि मोतीलालला हाक मारून खात्री करते.

मित्रांनो, तुमच्या घरी दुरुस्ती निघाली, तर कोण काय काढून नेतो ते विचारा. आणि कूलर लावण्याआधी एकदा घरामागे जाऊन पाहा, तुमच्या प्लेटची तार जागेवर आहे ना.